शांतवन रणपिसे यांनी कुरकुर सोडली तेव्हा

माझ्या नवऱ्याचं नाव शांतवन. हे नाव ठेवणाऱ्या सासऱ्यांना मी वर गेल्यावर जाब विचारणार आहे. आडनाव रणपिसे, ते मात्र बरोबर बसलंय. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढून हा माणूस निवृत्त झाला आणि तेव्हापासून पूर्ण वेळ कुरकुर करतो. सकाळी उठून प्रार्थना, मग चहा, मग कुरकुर. घाई असली तर प्रार्थनेतच कुरकुर उरकून घेतात. "हे प्रेमळ पित्या, तुझ्या कृपेनं रात्र सरली. डास तूच निर्माण केलेस, का केलेस ते तुलाच ठाऊक." मी डोळे मिटून आमेन म्हणते. पंचेचाळीस वर्षं म्हणतेय.

मी रूथ. मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, म्हणून गल्लीत सगळे मला शिस्टर म्हणतात. आमची गल्ली सोलापूरच्या भवानी पेठेच्या मागच्या अंगाला. शेजारी चनमल्लप्पाचं किराणा दुकान, समोर उंबऱ्यात बसून विड्या वळणारी गुरम्मा, आणि गल्लीच्या टोकाला आमच्या चर्चची भिंत.

यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्या बुधवारी आमच्या नव्या पाळकसाहेबांनी एक उद्योग काढला. सुमित्र उजागरे त्यांचं नाव. बत्तीस वर्षांचे आहेत आणि गिटार वाजवतात. मंडळीतली निम्मी वडीलधारी माणसं त्या गिटारीमुळेच त्यांच्यावर खार खाऊन असतात. त्या दिवशी उपदेशाच्या पुलपिटावरून म्हणाले, "रविवारी मी इथून तुमची तोंडं बघतो. वाटतं, सगळी मंडळी दात उपटून घ्यायला आलीय. तारणाची बातमी ऐकून माणूस असा दिसतो का? चाळीस दिवस मटण सोडायचं आणि ईस्टरला दोन किलो आणायचं, याला मी उपवास म्हणत नाही. आनंद ही सवय आहे. रोज दात घासतो तशी रोज लावून घ्यावी लागते."

मग प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. चाळीस दिवस काय सोडणार ते लिहायचं, नाव घालायचं नाही.

मी ह्यांच्या खांद्यावरून डोकावले. ह्यांनी लिहिलं होतं, "चहातली साखर". साखर ह्यांना डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वीच बंद केलीय. देवाला असं सरळसरळ फसवताना बघून माझं डोकं तडकलं. मी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं, "मी माझ्या नवऱ्याची कुरकुर सोडते."

पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. माझी वाचली आणि शंभर-सव्वाशे डोकी एकदम आमच्या बाकाकडे वळली. मंडळीत कुरकुरे नवरे ढिगानं आहेत, पण नाव न घालता ओळखू येणारा एकच.

"दुसऱ्याची वस्तू अशी सोडता येत नाही," पाळकसाहेब हसू दाबत म्हणाले. "मालकच तयार असेल तर गोष्ट वेगळी."

हे ताडकन उभे राहिले. "मालक तयार आहे!"

यात विश्वासाचा भाग किती आणि हट्टाचा किती हे मला विचारू नका. अटी तिथंच ठरल्या. चाळीस दिवस कुणाबद्दल, कशाबद्दल कुरकुर नाही, तक्रार नाही. रोज एक आनंदाची गोष्ट वहीत लिहायची आणि दर रविवारी वही पाळकसाहेबांना दाखवायची.

दुसऱ्या दिवसापासून हे हसू लागले. कसं, ते सांगते. पार्सलच्या खोक्यावर 'ही बाजू वर' म्हणून कागद चिकटवतात ना, तसं. सकाळी दार उघडून उभे राहिले तर गुरम्मा विड्यांचं सूप टाकून पळत माझ्याकडे आली. "शिस्टर, सायबाचं तोंड वाकडं झालंय की! झटका आला काय?" मी तिला समजावलं. तरी मनाच्या समाधानासाठी बीपी बघून घेतलं. वाढलेलंच होतं.

वहीत लिहीत होते ते असं. "गुरुवार. पंखा फिरला. आनंद." "शुक्रवार. वरण कालच्याएवढं खारट नव्हतं. आनंद." "शनिवार. बँकेत रांगेत पुढचा माणूस लवकर गेला. (निघून गेला, वारला नाही.) आनंद."

घरात इतकी शांतता झाली की मला करमेना. बातम्या लावल्या तरी कुणी टीव्हीशी भांडत नव्हतं. भाजी करपली तर मुकाट्यानं खाल्ली आणि वर "छान" म्हणाले. मला ते शिवी दिल्यासारखं लागलं.

पण खरी भानगड झाली पाण्याची.

आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. टोकाला चर्चच्या भिंतीलगत एक चेंबर आहे. तिप्पण्णा नावाचा चावीवाला येतो, लोखंडाची उंच टी-चावी आत घालतो आणि आटे फिरवून व्हॉल्व्ह उघडतो. बारा वर्षं तोच येतोय. आणि बारा वर्षं आमचे हे दारात घड्याळ घेऊन उभे. दहा मिनिटं उशीर झाला की तिप्पण्णाचा उद्धार, धार बारीक असली की पाण्याच्या ऑफिसला फोन, दोनदा बारीक आली की अर्ज. ह्यांचे अर्ज म्हणजे तीन पानी, मुद्द्यांना आकडे घातलेले, शेवटी 'कळावे' असं लिहून पुन्हा अर्धं पान. गल्ली ह्यांच्यावर वैतागायची, पण दोन तास पाणी भरायची.

कुरकुर बंद झाल्यावर पहिल्या पाण्याला हे दारात उभे राहून म्हणाले, "काय तिप्पण्णा, बरा आहेस ना?"

तिप्पण्णा चावी घेऊन दोन पावलं मागं सरला. ह्यांच्या तोंडाकडे बघत बघत त्यानं आटे फिरवले आणि निघून गेला. पुढच्या पाण्याला धार निम्म्यावर आली. त्याच्या पुढच्या पाण्याला करंगळीएवढी. मार्च संपत आला होता, ऊन बेचाळीसला टेकलेलं, आणि गल्लीत निम्म्या घागरी पालथ्या.

एका संध्याकाळी गल्ली आमच्या घरी आली. पुढे चनमल्लप्पा, मागे गुरम्मा, तिच्या मागे सगळ्या बायका.

"रणपिसेसाहेब," चनमल्लप्पा हात जोडून म्हणाला, "तुमचा देव थोर हाय. आमचं कायबी म्हणणं न्हाय. पण तुमी जरा बोंब मारा की."

"मी व्रत घेतलंय," हे हसऱ्या तोंडानं म्हणाले.

"तुमच्या व्रतापायी माझ्या म्हशी तहानल्यात," मागून एक बाई ओरडली.

चनमल्लप्पा तयारीनं आला होता. त्यानं खिशातून दुकानातलं कॅलेंडर काढलं. "मी मोजलंय. तुमच्या त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत शेहेचाळीस दिवस भरतात. तुमी चाळीस कसं म्हणता?"

"रविवार धरत नाहीत. रविवार हा आनंदाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो."

"मग झालं की!" चनमल्लप्पानं मांडीवर थाप मारली. "रविवारी तक्रार चालती!"

शपथ सांगते, दोन हजार वर्षांत एवढा स्वच्छ मुद्दा कुण्या शास्त्र्यानं काढला नसेल. ह्यांनी कॅलेंडरवरच्या रविवारांवरून बोट फिरवलं. डोळ्यांत मोह स्पष्ट दिसत होता. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "रविवारी ऑफिस बंद असतं."

शेवटी चनमल्लप्पा स्वतःच ऑफिसात गेला. साहेबानं त्याला बसवलं, चहा पाजला, सोलापुरात चादरीचा धंदा कसा बसला यावर अर्धा तास गप्पा मारल्या. चनमल्लप्पा खूश होऊन परत आला. पाण्याचं विचारायचंच राहिलं होतं.

त्या आठवड्याच्या रविवारी पाळकसाहेबांनी ह्यांची वही पहिल्यांदाच नीट वाचली, तोवर नुसती उघडून बघत होते. चार आठवड्यांचे पंखे आणि वरणं चाळून त्यांनी वही मिटली.

"रणपिसेकाका, रागावू नका. यात एकही आनंद नाही. या सगळ्या तक्रारीच आहेत, फक्त उलट्या करून वाळत घातलेल्या."

ह्यांचे कान लाल झाले. पण व्रत होतं. "मग काय लिहू?"

"या आठवड्यात घराबाहेर पडा. आनंद दुसऱ्या माणसात सापडला पाहिजे. तुमच्या वरणात नाही."

सोमवारी हे वही घेऊन गल्लीत फिरले, जनगणनेला आल्यासारखे. गुरम्माला विचारलं, "तुझ्याकडे आनंदाचं काही आहे का? मला लिहायचंय." गुरम्मा म्हणाली, "हाय की. तुमी अजून पाच मिन्टात जानार, त्येचा." हे ते लिहून घेऊनच परत आले.

गुरुवारी सकाळी पाण्याची पाळी होती. हे चेंबरपाशी जाऊन उभे राहिले. एरवी नजर घड्याळावर असायची. आता घड्याळाचा उपयोग नव्हता, म्हणून माणसाकडे बघितलं. मी दारातून दोघांना बघत होते. तिप्पण्णानं चावी घातली, बारा आटे फिरवले आणि थांबला. डावा हात पोटाशी धरलेला. सगळं उजव्या हातानं चाललेलं.

"खांदा दुखतोय का रे?" ह्यांनी विचारलं.

"व्हय की सायेब. दिवाळीपासनं. वर जातच न्हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी कुटं इचारलं?" तिप्पण्णा म्हणाला. त्यात राग नव्हता. "तुमी अर्ज लिवायचा. साठ आटे हायती ह्या व्हॉल्व्हला, गंजलाय आतनं. तुमच्या भ्यानं साठच्या साठ फिरवायचो. रात्री घरी बायको तेल लावायची तवा रडायचो. मग तुमी बोलायचं बंद केलं. हसाय लागला. म्हटलं, सायबांना कळलं आपलं दुखणं. सायबांनी माफ केलं. म्हणून बारावर सोडतोय."

हे घरी आले आणि कॉटवर बसून राहिले. चहा निवला. वही उघडली नाही.

"रूथ," म्हणाले, "मी त्याला बारा वर्षं शिव्या घातल्या. आणि जरा गप्प बसलो तर त्याला वाटलं, मी माफ केलं."

मी नर्स आहे, मला सुचतं ते केलं. चप्पल घातली, चेंबरपाशी गेले आणि व्हॉल्व्ह बंद करायला थांबलेल्या तिप्पण्णाला घेऊन आले. हात वर करून बघितला. खांद्यापर्यंत यायच्या आधीच अडकत होता, मागं तर जातच नव्हता. खांदा आखडला होता. असल्या खांद्यामागं पुष्कळदा साखर असते, म्हणून बोटाला सुई टोचली. दोनशे ऐंशी. "अरे बाबा," मी म्हटलं, "तू ह्यांच्यापेक्षा गोड निघालास." त्याला चिठ्ठी लिहून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात जायला बजावलं.

तोवर हे बाहेर गेले होते. बघते तर चावीला लोंबकळलेले. वय एकाहत्तर, कमरेला पट्टा. "तेरा," असं ओरडून त्यांनी एक आटा दिला आणि चावी धरूनच खाली बसले. चनमल्लप्पा दुकान टाकून धावला. गुरम्मा आली, तिनं पदर खोचला आणि दोघांपेक्षा जास्त आटे दिले. चनमल्लप्पा कन्नडात मोजत होता, गुरम्मा तेलुगूत, हे मराठीत. एकोणतीसनंतर कुणाचाच आकडा कुणाशी जुळेना. पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून बायका ओरडल्या, "आलं! आलं!"

मग ते तसंच सुरू झालं. पाण्याच्या दिवशी तिप्पण्णानं चावी घेऊन यायचं, कुठं थांबायचं ते सांगायचं, आणि फिरवायचं गल्लीनं. ह्यांनी पाळ्या लावल्या. तिप्पण्णा भिंतीच्या सावलीत बसून सूचना द्यायचा. त्या द्यायला त्याला मजा येतीय हे लांबून दिसायचं. "सायेब, जोर लावा की! जेवला न्हाय का?" हे ऐकून घ्यायचे. व्रत होतं ना.

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा, येशू गाढवावरून यरुशलेमात आला त्याची मिरवणूक आम्ही काढतो. त्या रविवारी पाण्याची पाळी आणि आमची मिरवणूक एकाच वेळी आली. सकाळचे नऊ, आणि आत्ताच डोळ्यापुढं ऊन नाचतंय. पुढे पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात, गळ्यात गिटार, हातात झावळी. मागे झावळ्या हलवत सगळी मंडळी होसान्ना म्हणत येतेय. आणि चर्चच्या भिंतीपाशी चनमल्लप्पा आणि हे चावीला झोंबलेत, चावी जागची हलत नाही. व्हॉल्व्ह पार अडकला होता.

पाळकसाहेब थांबले, म्हणून मिरवणूक थांबली. त्यांनी गिटार काढून माझ्या हातात दिली, झगा कमरेला बांधला आणि झावळीसकट चावी धरली. तिघांनी मिळून दम लावला. व्हॉल्व्ह कर्रकन सुटला, चावी निसटली आणि रेव्हरंड सुमित्र उजागरे चेंबरच्या गळतीनं झालेल्या चिखलात बसले. नुसते बसले नाहीत, दोन हात लांब घसरत गेले. हातातली झावळी मात्र त्यांनी वरच धरली होती.

कुणी हसेना. पाळकसाहेबांना कसं हसायचं? मग एक आवाज आला. आधी मला वाटलं कुणाला ठसका लागला. आमचे हे भिंतीला टेकून हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून, श्वास लागेपर्यंत. आमच्या लग्नात मोहोळला बँडवाल्याचा बाजा विहिरीत पडला होता, त्यानंतर असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मग पाळकसाहेब चिखलातच हसू लागले, तिप्पण्णा हसला, गुरम्मा हसली आणि सगळी मंडळी फुटली. निम्म्या बायका झावळ्या बगलेत मारून घागरी आणायला पळाल्या. उपासना पाऊण तास उशिरा सुरू झाली आणि पाळकसाहेबांनी उपदेश मागच्या बाजूनं तपकिरी झालेल्या झग्यात केला.

आता मंडळीचा कारभार बघणारे एक वडील आहेत, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णांना हे सहन होणारं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी त्यांनी कमिटी बोलावली. प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात मंडळीची शोभा झाली, पवित्र मिरवणूक नळावर थांबली, पाळकांनी खुलासा द्यावा. हे कमिटीवर आहेत. मी महिला मंडळातर्फे असते.

आण्णा अर्धा तास बोलले. गिटारीपासून सुरू करून झग्यापर्यंत आले. पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. चाळीसातले अजून तीनच दिवस राहिले होते. जबडा आवळलेला, मुठी मांडीवर, चिकटवलेलं हसू एका कोपऱ्यातून सुटत आलेलं.

"आणि मुळात," आण्णा म्हणाले, "त्या नळवाल्याशी मंडळीचा संबंध काय?"

हे उठले. मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, बघ आता.

वीस मिनिटं. मुद्द्यांना आकडे घालून. एक, गाढवावर बसून येणाऱ्या राजाची मिरवणूक नळावर थांबली तर राजाची शोभा होत नाही, आण्णांची होते. दोन, तहानलेल्याला पाणी द्या असं आण्णा गेली तीस वर्षं प्रार्थनेत म्हणतायत आणि त्यांच्या हातून अजून एक तांब्या भरलेला कुणी पाहिलेला नाही. तीन, गिटार बेसूर असते हे खरं आहे, पण पेटी त्याहून बेसूर आहे आणि ती आण्णांचा मेव्हणा वाजवतो. चार, पाच आणि सहा मी इथं सांगत नाही. कमिटीत बसलेल्यांपैकी कुणाचे डोळे जमिनीवरून उठले नाहीत. काहींचे खांदे मात्र हलत होते.

खुलाशाचा विषय पुढच्या सभेवर गेला आणि पुढच्या सभेत कुणी काढलाच नाही.

बाहेर पाळकसाहेब आमच्या मागं आले. "काका, तुमचं व्रत मोडलं."

"मोडलं."

"सदतिसाव्या दिवशी."

"मोजता येतं मला."

"कसं वाटतंय?"

ह्यांनी जरा विचार केला. "फार बरं वाटतंय," म्हणाले. मग घाईघाईनं, "म्हणजे मला पश्चात्ताप करायला हवा का?"

"मला विचारू नका," पाळकसाहेब म्हणाले. "मी आज रविवारनंतर पहिल्यांदा नीट जेवणार आहे." आणि शीळ घालत आपल्या घराकडे, पार्सोनेजकडे निघून गेले. दुःखसहनाच्या आठवड्यात, भर रस्त्यात शीळ. आण्णांनी ऐकली असती तर दुसरी कमिटी लागली असती.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी अर्ज लिहायला घेतला. गंजलेला व्हॉल्व्ह बदला, आणि तिप्पण्णाचा खांदा बरा होईपर्यंत त्याला हलकं काम द्या. पाच पानी झाला. लिहिताना गुणगुणत होते. नवीन व्हॉल्व्ह अजून आलेला नाही. ऑफिसातल्या साहेबांनी परवा ह्यांनाही चहा देऊन बघितला. हे म्हणाले, चहा नको, तारीख सांगा.

तिप्पण्णाची साखर गोळ्यांनी उतरतेय. खांद्यासाठी तो एक दिवसाआड आमच्या स्वयंपाकघरात येतो. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी, हात जाईल तिथंपर्यंत. जिथं थांबतो तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारते. पहिली रेघ ओट्याला लागून होती. त्याला कळ येते, तो कन्नडात काहीतरी पुटपुटतो. ते माझ्याबद्दल असावं. हे शेजारी उभे राहून ओरडत असतात, "वर, अजून वर! कामचोर कुठला!" आणि तिप्पण्णा म्हणतो, "सायेब, तुमी गप बसला होता तेच बरं होतं की."

ईस्टरच्या दिवशी उपासना संपल्यावर तो बायकोला घेऊन आला. नवा सदरा घातला होता. जेवायच्या आधीच भिंतीपाशी गेला. बोटं सरकत सरकत मिठाच्या डब्याच्या वर गेली, फळीच्या कडेला टेकली, तिथं थरथरली आणि थांबली. त्याची बायको पदर तोंडाला लावून बघत होती. ह्यांनी या वेळी तोंडातून शब्द काढला नाही, नुसता तळहात त्याच्या कोपराखाली धरला. बोटं फळीवर चढली.

मी रेघ मारली, पुढं तारीख घातली आणि सगळ्यांना ताटावर बसायला सांगितलं.